साडेतीनशे ग्रॅमचा निर्णय

गर्शोम नवगावकर यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा पनवेलच्या बाजारात. त्यांची स्कूटर वळणावर दिसली की भाजीवाले पारड्याखाली चिकटवलेली चिंच काढून टाकत, असं जुने लोक सांगतात. साहेबांना स्वतःला हे फारसं पटत नसे. "माणसं मुळात प्रामाणिकच असतात," ते म्हणायचे, "त्यांचे तराजू तेवढे चुकतात."

निवृत्तीनंतर ते नवीन पनवेलला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. पत्नी एलिशेवा शाळेतून निवृत्त झालेल्या. एकुलती मुलगी अबीगेल लग्न होऊन इस्राएलला, अश्दोदला गेलेली. तिचा मुलगा नोम मराठी फोनवरूनच शिकला, त्यामुळे त्याचं मराठी 'हॅलो'ने सुरू होतं आणि 'आवाज येतोय का'ला संपतं.

त्यांना इथे येऊन चार-सहा महिने झाले असतील, तेव्हा अबीगेलने फोनवर एक काम सांगितलं. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएली ज्यू कुटुंबांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या कबरींचे फोटो हवे होते. इथल्या जुन्या दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रू आणि मराठीत नावं कोरलेली आहेत, दर पावसाळ्यात अक्षरं थोडी झिजतात. माणसं तिकडून येऊन बघणार कधी?

"बाबा, तुम्ही तिथेच आहात. एका सकाळी जाऊन फोनवर काढून पाठवा ना," ती म्हणाली.

"फोनवर?" साहेब म्हणाले. "सोनं काय कोणी भाजीच्या काट्यावर तोलतं?"

आणि त्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. आयुष्यात त्यांनी कधी फोटो काढलेला नव्हता. अबीगेलच्या लग्नातसुद्धा त्यांनी फक्त फोटोग्राफरला घड्याळ दाखवलं होतं.

कामाची सुरुवात त्यांनी एका दोनशे पानी वहीने केली. मोठे कॅमेरे पहिल्याच पानावर बाद झाले, कारण साहेबांचा उजवा खांदा आखडलेला होता आणि डॉक्टरांनी खांद्याला जड काही लटकवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी आकडा दिला नव्हता. तो साहेबांनी दिला. साडेतीनशे ग्रॅम, लेन्स सोडून. लेन्सचं वजन का सोडायचं, असं एलिशेवाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते पुढच्या टप्प्यात."

म्हणजे उरले मिररलेस कॅमेरे. पोटात आरसा नाही, म्हणून आकाराने लहान. पण लहानातही लहान-मोठं असतंच. कोणाचा सेन्सर मोठा तर बॅटरी छोटी. कोणाची बॅटरी चांगली तर हात हलला की चित्र हलतं. साहेब सकाळी फिरून आले की कॉम्प्युटरसमोर बसत आणि कुठल्याकुठल्या देशांतल्या दाढीवाल्या मुलांचे व्हिडिओ बघत. आवडलेलं वाक्य व्हिडिओ थांबवून वहीत उतरवून घेत. नवशिक्याने कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नावर त्यांनी पहिल्या वर्षात अठ्ठ्याऐंशी पानं भरली. त्या वर्षात त्यांच्यासारखा जाणता नवशिक्या पनवेल तालुक्यात दुसरा नसावा.

मग ते दुकानात जायला लागले. जुन्या पनवेलमध्ये निनादचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाची कामं आणि एका कपाटात विकायला कॅमेरे. साहेब पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी तिथेच होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्यांनी कपाटातला एक काळा, छोटा कॅमेरा मागितला. निनादने तो अदबीने हातात दिला. साहेबांनी तो उलटा-सुलटा केला नाही, बटण दाबलं नाही, डोळ्याला लावला नाही. खिशातून तळहाताएवढा वजनकाटा काढून काउंटरवर ठेवला, त्याची पातळी तपासली आणि लेन्स उतरवायला लावून कॅमेरा वर ठेवला.

"तीनशे चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "तुमच्या पत्रकात साडेतीनशे लिहिलंय."

"साहेब, ते बॅटरी आणि कार्ड न धरता असेल."

"बॅटरी न धरता हा फोटो काढतो?"

"नाही."

"मग न धरता कसं चालेल?"

साहेबांनी वहीत त्या कॅमेऱ्यापुढे लाल फुली मारली. चव्वेचाळीस ग्रॅम जास्त. निनादला हसावं की कंपनीला पत्र लिहावं ते कळेना; त्याने चहा मागवला.

त्यानंतर साहेब दर गुरुवारी अकराच्या सुमाराला दुकानात जाऊ लागले. महिन्याभरात त्यांची एक खुर्ची ठरली. गिऱ्हाइकं आली आणि निनाद कामात असला की तो सांगे, "साहेबांना विचारा." साहेब विचारायचे, कशाचे फोटो काढणार, उजेडात की घरात, चष्मा आहे का, हात थरथरतो का. मग वही उघडून सल्ला देत. सल्ला उत्तम असे. मुलीच्या सहलीसाठी मी त्यांच्याच सांगण्यावरून कॅमेरा घेतला, आणि तो अजून चालतोय. त्यांच्या शब्दावर पनवेलमध्ये वर्षभरात तेरा कॅमेरे विकले गेले. चौदावा त्यांचा स्वतःचा, तो काही ठरत नव्हता.

ठरत आला की काहीतरी व्हायचं. एक मॉडेल जवळजवळ नक्की झालं, तर कंपनीने त्याची पुढची आवृत्ती काढली. ती बघेपर्यंत आधीची बंद झाली. एकदा तर साहेब खरोखर घ्यायला म्हणून गेले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, एलिशेवाबाईंना बरोबर घेऊन. निनादने खोकं उघडलं. तेवढ्यात साहेबांच्या मनात आलं, याला व्ह्यूफाइंडर नाही. डोळा लावून बघायची ती छोटी खिडकी. खिडकी असली तर कॅमेऱ्याला वर उंचवटा येतो आणि तो खिशात मावत नाही. नसली तर मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायचा. यातलं आपल्याला काय हवं? हा प्रश्न आठ महिने चालला.

त्या दिवशी दुकानातून परत येताना एलिशेवाबाईंनी रिक्षात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलला. बेने इस्राएली घरात मोठं काम पार पडलं की मलिदा करतात. पोहे, गूळ, नारळ, फळं यांचं ताट मांडून प्रार्थना म्हणतात. लग्न, बाळंतपण, परदेशी सुखरूप पोचणं, अशा कामांसाठी मलिदा बोलतात. "ह्यांनी एक कॅमेरा घेतला की मलिदा करीन," असा नवस मात्र त्यांच्या घराण्यात पहिलाच असावा.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भामा घरत राहतात. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं, त्यानंतर त्या इथे आल्या. सासरचं मिठागर होतं. तरुणपणी त्यांनी उन्हात मीठ ओढलं. नवरा आनंदा वारला, मुलं कंत्राटं घेतात आणि मोठ्या गाड्यांतून फिरतात. भामाबाई पासष्टीच्या आहेत. सगळ्यांशी बोलतात आणि लिफ्ट वापरत नाहीत.

एक दिवस त्या वर गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "सायब, मला कॅमेरा घ्यायचा हाय. कोनता घेऊ?"

साहेबांनी वही उघडली. "कशाचे फोटो काढणार?"

"मालूचे. माजी बहीन, करंजाला असते. मासली सुकवते. तिचं, तिच्या होडीचं, बंदरावरच्या लोकांचं काडीन म्हनते. आमचा गाव गेला त्याचा एक फोटू नाय माज्याजवल. आता हाय ते तरी काडून ठेवते."

"फोन आहे ना तुमच्याकडे?"

"फोनवर उन्हात कायपन दिसत नाय. काच काली होते. मला डोल्याला लावून बगायचा पायजे."

साहेबांचं पेन थांबलं. आठ महिने ज्याच्यावर विचार चालला होता तो व्ह्यूफाइंडरचा प्रश्न भामाबाईंनी दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून सोडवला होता. पण साहेबांना ते उत्तर फार सोपं वाटलं. "त्याला दुसरीही बाजू आहे," ते म्हणाले, आणि पाऊण तास ती बाजू सांगितली. भामाबाईंनी ऐकून घेतलं. एलिशेवाबाईंनी मध्ये दोनदा सरबत आणलं.

गुरुवारी दोघं निनादकडे गेले. साहेबांनी चार कॅमेरे काउंटरवर ओळीने मांडून एकेकाचे गुणदोष सांगायला घेतले. भामाबाईंनी पहिला उचलला, डोळ्याला लावला, ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा डोळ्याला लावून त्या रस्त्याकडे वळल्या आणि समोरच्या रिक्षावाल्याचा फोटो काढला.

"ह्यो," त्या म्हणाल्या.

तो तीनशे चौऱ्याण्णववाला होता.

"भामाताई, तो बसत नाही. चव्वेचाळीस ग्रॅम जास्त आहे."

"मी मिठाच्या पाट्या व्हायल्या, सायब."

"आणि लेन्स कोणती येते ते तुम्ही विचारलंसुद्धा नाही."

"एक हाय ना पुडं?"

निनादने चहा सांगितला होता. चहा यायच्या आत बिल झालं.

पुढच्या आठवड्यात भामाबाई उरणच्या एसटीने करंजाला गेल्या आणि दोनशे फोटो काढून आल्या. त्यातले दीडशे बघवत नव्हते. कुठे बोट आलेलं, कुठे नुसतं आभाळ. पण उरलेल्यांत एक होता: बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेत, त्यांच्या ओळींमधून मालूचा चेहरा दिसतोय, तोंडात दोरी धरलेली आणि डोळ्यांत बहिणीला दिलेली शिवी. तो फोटो आमच्या इमारतीत सगळ्यांनी बघितला. साहेबांनीही चष्मा पुसून बघितला.

"क्षितिज तिरकं आलंय," ते म्हणाले.

भामाबाईंनी परत बघितलं. "मी होडीत हुबी होते, सायब. होडी सरल राहते काय?"

साहेब त्या दिवशी लवकर घरी गेले.

तिकडे अबीगेल अधूनमधून विचारत होती. दोन वर्षं होत आली होती. शेवटी साहेबांनी दफनभूमीत जायचं ठरवलं. फोटो काढायला नव्हे, उजेडाचा अभ्यास करायला. कोणता दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्यावर तिरपं ऊन किती वाजता पडतं, हे आधी नोंदवलं तर कॅमेरा आल्यावर वेळ जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. उन्हातान्हात एकटे फिरतील म्हणून एलिशेवाबाईंनी भामाबाईंना सोबत जायला सांगितलं. भामाबाईंनी पिशवीत पाण्याची बाटली, नारळाची सोडणं आणि कॅमेरा घेतला.

साहेबांनी होकायंत्र काढून पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. भामाबाईंनी सोडणाच्या काथ्याने दगड घासायला घेतले. मातीचा थर गेला की अक्षर वर यायचं. अक्षर वर आलं की त्या दोन पावलं मागे जात, बसत, कॅमेरा डोळ्याला लावत. साहेब दिशा मोजत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या रांगेत त्या थांबल्या. "ही कोन, सायब? फूल कोरलंय."

साहेब आले. वाकून वाचायला लागले. वर हिब्रूच्या दोन ओळी, खाली मराठी. शेगुलाबाई, रूबेन अब्राहाम नवगावकर यांची प्रिय पत्नी.

"माझी आजी," ते म्हणाले. "हिने मला आंबोळ्या खायला घातल्यात."

"कवा गेली?"

साहेबांनी खालच्या ओळीवर बोट फिरवलं. महिना लागत होता. साल लागत नव्हतं. एकोणीसशे, आणि पुढे दगड नुसता गुळगुळीत. त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिलं, मग छत्रीची सावली धरून पाहिलं.

"मागच्या खेपेला मी हे साल वाचलं होतं," ते म्हणाले. "इथेच उभं राहून."

"मागची खेप कवा?"

साहेबांनी चष्मा परत लावला. "कॅमेरा बघायला लागलो त्याच्या आधी."

भामाबाईंनी काथ्याने फुलाच्या पाकळ्या साफ केल्या आणि फोटो काढला.

निघताना साहेबांनी वही मिटली. साडेअकरा पानं भरली होती. "तुम्ही किती काढलेत?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाय. सगले."

एलिशेवाबाईंनी भामाबाईंकडून कार्ड आणून कॉम्प्युटरजवळ ठेवलं होतं, त्याला साहेबांनी चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला, तो चुका काढायला. एकसष्ट दगड होते. सात फोटो हललेले निघाले. एकावर भामाबाईंची सावली पडली होती. उरलेल्या त्रेपन्नांत मात्र अक्षर न् अक्षर लागत होतं. काही ठिकाणी तर प्रत्यक्ष उभं राहून लागलं नव्हतं ते पडद्यावर लागलं. आजीच्या दगडाचं साल तेवढं तिथेही लागलं नाही. साहेबांनी ते मोठं करून, काळं-पांढरं करून, उलटं करून पाहिलं. मग सोडून दिलं.

त्यांनी प्रत्येक फोटोला नाव दिलं, हिब्रूचं मराठी केलं, नातं माहीत होतं तिथे नातं लिहिलं आणि अबीगेलला पाठवून दिलं. हे काम त्यांनी नऊ दिवसांत संपवलं. त्यांच्या आयुष्यातला हा विक्रमच म्हणायचा.

तिकडून निरोपांचा पाऊस पडला. कोणी फोन करून रडलं, कोणी म्हणालं पणजीचं नाव आज कळलं. सगळ्यांनी लिहिलं, गर्शोम अंकलचे उपकार. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना खुलासा पाठवला: 'सदर फोटो माझे नसून आमच्या शेजारी श्रीमती भामा आनंदा घरत यांनी काढलेले आहेत. माझ्याकडे कॅमेरा नाही.' माप कमी-जास्त झालेलं त्यांना आयुष्यभर खपलं नव्हतं, स्वतःच्या बाजूने झालेलं तर नाहीच. यावर हैफाच्या एका वृद्ध बाईंनी विचारलं की, घरत हे आडनाव आपल्यात कुठल्या गावचं? साहेबांनी तो निरोप भामाबाईंना वाचून दाखवला. "सांगा त्याना," भामाबाई म्हणाल्या, "विमानतलाखाली हाय तो गाव."

राहिले हललेले सात आणि सावलीचा एक. ते परत काढायला हवे होते. भामाबाई जायला तयार होत्या. साहेबांनी नको म्हटलं. त्या गुरुवारी ते निनादकडे गेले आणि तीनशे चौऱ्याण्णववाला मागितला. कंपनीने तो बंद केला होता. काचेत मांडलेला तेवढा एक शिल्लक होता, कोपऱ्यात रंग उडालेला. साहेबांनी तो घेतला. वही त्यांनी बरोबर नेलीच नव्हती.

मलिदा झाला. आम्हां शेजाऱ्यांनाही ताटातलं मिळालं. प्रार्थनेनंतरचे फोटो साहेबांनी काढायचे ठरले होते, पण कॅमेऱ्यात भाषा जपानी लागली आणि ती काही केल्या बदलेना, म्हणून ते भामाबाईंनी काढले.

दफनभूमीतले आठ फोटो साहेबांनी तीन खेपांत काढले. पहिल्या खेपेला लेन्सचं झाकण काढायचं राहिलं, असं एलिशेवाबाई सांगतात. साहेब म्हणतात, ऊन योग्य नव्हतं. आठांपैकी सहा चांगले आले.

त्यांचा सल्ला मात्र आता पूर्वीसारखा चालत नाही. जोवर त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता तोवर लोक निमूट ऐकून घेत. आता निनादच्या दुकानातलं गिऱ्हाईक म्हणतं, "काका, तुम्ही काढलेला एखादा फोटो दाखवा ना." साहेब दाखवतात. मग गिऱ्हाईक निनादला विचारतं.

हल्ली ते भामाबाईंबरोबर करंजाला जातात. सकाळी लिलाव चालू असतो, टोपल्या फिरत असतात, आणि साहेब एका बाजूला उभे राहून कॅमेऱ्याची चक्रं फिरवत असतात. मालूने त्यांना दोनदा वाळत घातलेल्या जवळ्यावरून बाजूला केलंय. परवा होडी चालवणाऱ्या बळीराम नावाच्या तांडेलाने त्यांना हटकलं. "सायब, माजा एक फोटू काडा." साहेबांनी त्याला उन्हाच्या तिरप्या बाजूला उभं केलं, चक्र फिरवलं, काहीतरी मोजलं. मान वर केली तर बळीरामची टोपली लिलावात निघाली होती आणि तो तिच्यामागे गेला होता.

"उद्या या," तो लांबून म्हणाला. "मी हितंच हाय."

साहेब दुसऱ्या दिवशी एकटेच पहिल्या एसटीने गेले. फोटो निघाला. बळीरामचे डोळे मिटलेले आहेत त्यात. साहेब दुसरा काढतो म्हणाले, पण बळीरामने तोच मागून घेतला आणि होडीच्या केबिनमध्ये लावला. आपण इतके शांत दिसतो हे त्याला माहीत नव्हतं, म्हणाला.